चिनी चहाला दाखवलेलं ऊन

माझ्याकडून पहिल्यांदा चहाची पावडर न्यायची असेल तर हॉटेलवाल्यानं आपल्या गावच्या पाण्याची बाटली सोबत आणायची, हा माझ्या दुकानाचा जुना शिरस्ता. नवीन माणूस हसायचा. म्हणायचा, "शेठ, पावडर न्यायला आलोय, पानी तपासायला न्हाई." मी त्याला तसाच परत पाठवायचो. अरे बाबा, कपात पावडर असते चिमूटभर, बाकी सगळं तुझ्या गावचं पाणी आणि दूध. ते पाणी न चाखता तुला पावडर कशी देऊ? संगमनेरात प्रवरेचं गोडं पाणी, इथं हलकी पावडरसुद्धा रंग धरते. राहात्याकडं कालव्याचं पाणी वेगळं वागतं. आणि पठारावरच्या बोअरचं पाणी इतकं जड की भारीतली भारी आसामी पावडर टाका, चहा मेलाच म्हणून समजा. तिथं जाड दाण्यात बारीक डस्ट किती मिसळायची, हे माझी जीभ ठरवायची.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक शेगडी, सहा पांढरे कप आणि सहा बशा. बाटलीतलं पाणी उकळायचं, सहा तऱ्हेचे कोरे चहा करायचे, आणि बशीतून एकेकाचा जोरात भुरका मारायचा. भुरका मोठाच लागतो. वारा आत गेल्याशिवाय वास टाळूला चिकटत नाही. बायको म्हणायची, "म्हैस बरी पाणी पिताना, तिचा आवाज तरी चौकापर्यंत जात नाही." मी म्हणायचो, या आवाजावर तुझं घर चाललंय. खरंच चाललं होतं. कुठल्या बागेचा माल, तो पावसाआधीचा की नंतरचा, पोत्याला गोदामात ओल लागलीय का, हे मी डोळे मिटून सांगायचो. याचा मला गर्व होता, आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला. आठ दिवस घरातच होतो, फार काही झालं नाही, ऑक्सिजन लागला नाही. लोक म्हणाले, नशीबवान आहात. नवव्या दिवशी बायकोनं चहा आणून दिला आणि मला वाटलं, ही आज गरम साखरपाणी घेऊन आली. तिच्यावर ओरडलोसुद्धा. मग तिनं माझ्या नाकाशी लसूण ठेचला, हिंगाची डबी उघडून धरली. काही नाही. गोड, खारट, कडू, तुरट एवढं जिभेला कळत होतं, त्यापलीकडचं सगळं पुसलं गेलं होतं. घरोघरी लोकांचे वास गेले होते तेव्हा, आणि पंधरा दिवसांत, महिन्या-दोन महिन्यांत परतही आले होते. माझा आला नाही.

नगरला डॉक्टरांकडं गेलो. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण आजारी माणूस जातो तो नगरलाच. त्यांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल हुंगत जा. दोन वर्षं देवाचं करावं तसं मी ते नेमानं केलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता येईलच असं काही मी सांगू शकत नाही." मी घरी येऊन निलगिरीची बाटली मोरीत ओतली. बायको नाकाला पदर लावून उभी होती, मी मोरीवर वाकून मोकळा श्वास घेत होतो.

बाजारात कुणाला कळू दिलं नाही. आंधळ्या सोनाराकडं कोण सोनं देणार? मी दाणा बोटांनी चोळून बघायचो, रंग उजेडाला धरून बघायचो, जुन्या अंदाजानं माल मिसळायचो. बाटली आणली की मागच्या खोलीत जाऊन पाणी उकळायचो, भुरका मारायचो आणि पूर्वीसारखी मान हलवायचो. निव्वळ नाटक. पण बागेचा माल दर हंगामाला बदलतो, मागच्या वर्षीचं माप या वर्षी चालत नाही. श्रीगोंद्याकडचा एक जुना हॉटेलवाला पोतं परत घेऊन आला. "शेठ, माफी करा, पर तुमच्या पावडरला आता पयल्यासारखी चव न्हाई ऱ्हायली. गिऱ्हाईक कप अर्धा ठेवून उठतंय." मी त्याच्यावरच चिडलो, तुझं दूध पातळ असेल म्हणालो. तो गरीब माणूस, पोतं ठेवून निघून गेला. पुन्हा आला नाही.

अशात जावई कंपनीच्या कामानं चीनला गेला. कुठलं यंत्र पसंत करायला गेला होता, पण सासरा चहावाला, म्हणून येताना चहाचं एक पाकीट घेऊन आला. पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, हा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. लई कडक. पाकीट बंद होतं तरी बॅगेतल्या शर्टांना धुराचा वास लागला. तीन वेळा धुतले, तरी जात नाही. ह्याचा वास नाही आला तर बाबा..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. ते पुरं करायची काही गरज नव्हती. ज्या चहाचा वास बंद पाकिटातून बाहेर येतो, तो उघड्या नाकात जाणार नाही का? गेला तर जीभ परत मिळाली. नाही गेला तर दुकानाला कुलूप, हे मी मनाशी नक्की करून टाकलं.

पाकीट आलं त्या दिवशी मी पोती उतरवून घ्यायला नाशिकला गेलो होतो. परत आलो तिसऱ्या दिवशी दुपारी. जिन्यावरूनच विचारलं, "आलं का?" बायको म्हणाली, "आलंय, पण ओल लागलेली होती त्याला. वरती टाकलंय."

मला आधी कळेचना. गच्चीवर गेलो. साडीच्या जुन्या धडप्यावर, कडेला चार दगड ठेवून, चहा पसरलेला. लांब, काळी, पिळवटलेली पत्ती फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवस पडून होती.

झालं होतं असं. तिनं हौसेनं पाकीट फोडलं आणि आमच्याकडं पाहुण्याला करतात तसा आलं, साखर आणि म्हशीचं दूध घालून खळखळ उकळला. शेजारच्या दोघी जणी चीनचा चहा प्यायला बोलावल्या. पहिल्या घोटाला तिघींनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, दूध करपलं. दुसरी म्हणाली, दूध नाही, पत्तीच धुरकटलीय, प्रवासात ओल लागली असणार, ऊन दाखवा म्हणजे वास जाईल. आमच्या घरात कशालाही पहिला उपाय हाच. गहू, डाळ, लोणच्याची बरणी, गाद्या, लग्नातला शालू, सगळ्याला वर्षातून एकदा ऊन दाखवायचं. ओल लागलेलं चहाचं पोतं मी स्वतः कित्येकदा उन्हात टाकलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं शहाणपणच केलं होतं, आणि माझ्याकडूनच शिकून.

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. म्हणालो, "माझा वास गेला तो तापानं गेला. तो परत येणार होता, तो तू घालवलास." ती धडप्याची चार टोकं गोळा करत होती. तिचे हात थांबले. "मला काय माहीत हो, वासासाठीच आणलाय ते," एवढंच म्हणाली. खरं होतं. मुलीचं बोलणं मी तिला सांगितलंच नव्हतं. आशा लावून बसलोय हे कुणाला दिसू नये, बायकोलासुद्धा, असा माझा ताठा.

ती पत्ती मी एका डब्यात भरून दुकानात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत बसलो. जावयानं मोबाईलवर सांगितलं होतं तसंच केलं. प्रवरेचं पाणी, उकळी फुटली की खाली उतरवायचं, मग पत्ती, चार मिनिटं झाकण. दूध नाही, साखर नाही. झाकण काढलं, कपात ओतला. रंग देखणा, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. वाफेत तोंड घातलं. चेहरा ओला झाला, चष्म्यावर वाफ धरली. बशीत ओतून भुरका मारला, चौकापर्यंत ऐकू जाईल असा. गरम. कडू. तुरट. पुन्हा मारला. गरम, कडू, तुरट. मी स्वतःला सांगितलं, उन्हानं गेला. दोन दिवस ऊन खाल्लेल्या पत्तीत काय राहणार?

तेवढ्यात शटर अर्धं वर सरकलं. पठारावरचा एक हॉटेलवाला सकाळच्या पहिल्या एसटीनं आला होता, हातात पाण्याची बाटली. उंबऱ्यातूनच ओरडला, "शेठ, आत काय पेटलं का? लई धूर कोंडलाय!" तो घाईनं आत आला, इकडंतिकडं बघायला लागला. शेगडी बंद होती. त्यानं नाक वर करून हुंगलं, वास काढत काढत कपापाशी आला आणि हसला. "आयला, ह्यो चहा हाय व्हय? आमच्या आईच्या चुलीपुढं बसल्यावानी वाटतंय."

उंबऱ्यापासून माझ्या कपापर्यंत वीस पावलं असतील. तो वास त्याला वीस पावलांवर आला, आणि माझं नाक कपात बुडायचं बाकी होतं.

त्याला मी पावडर दिली. कुठली दिली ते आठवत नाही. तो गेल्यावर शटर ओढून घेतलं आणि रडलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणूस बापासाठी रडतो, पोरीच्या पाठवणीत रडतो. मी एका कपापुढं बसून रडलो.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "काही कळलं का?" तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ऊन काही करत नाही, चहा जसाच्या तसा आहे, तुझी काही चूक नाही, एवढं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, "काय कळणार? उन्हात टाकल्यावर राहतंय काय त्यात?"

का बोललो, हे मला तेव्हाही माहीत होतं. चूक उन्हाची असेपर्यंत माझं नाक अजून जिवंत होतं. दुसरं पाकीट येईल, त्याला ऊन लागलेलं नसेल, मग बघू. दुकानाला कुलूप लावायचं ठरवलं होतं, तेही त्या पुढच्या पाकिटावर ढकललं. तेवढ्यासाठी मी तिला दोषी राहू दिलं. एक दिवस नाही, आठ महिने.

त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया पडल्या नाहीत. पापड नाहीत, सांडगे नाहीत, मिरच्यासुद्धा तिनं बाजारातून वाळलेल्याच आणल्या. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "यंदा गुडघे दुखतात." तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. रात्री जेवताना मधेच म्हणायची, "मी त्या दोघींचं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं." मी भाकरी मोडत राहायचो. मुलीला तिनं फोनवर किती वेळा सांगितलं असेल, जावई पुन्हा जाणार असतील तर आठवणीनं आणायला सांग. जावई दिवाळीच्या आधी पुन्हा गेला, आणि आणलं त्यानं.

या वेळी पाकीट तिनं फोडलं नाही. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, वर टॉवेल बांधून, ते पदराखाली धरून ती भर दुपारी दुकानात आली. बाहेर ऊन होतं म्हणून पदर. मागच्या खोलीत बसून तिनं स्वतःच्या हातानं पाकीट कापलं आणि लगेच तोंड बाजूला केलं, डोळ्यांना पाणी आलं तिच्या. "घ्या," म्हणाली, "बघा आता." दोन्ही हातांनी माझ्या नाकाशी धरलं.

मी श्वास घेतला. कागदावर नाक टेकेपर्यंत घेतला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. खोटं बोलावं असं मनात आलं, पण तिच्यासमोर तेवढं नाटक जमेना. मी नाही म्हणून मान हलवली.

तिनं पाकीट खाली ठेवलं. मग तिचं लक्ष फळीवरच्या डब्याकडं गेलं. "तो आधीचा आहे ना?" मी हो म्हणालो. तिनं डबा काढला. आपण कितीसं नुकसान केलं होतं, ते तिला बघायचं होतं. झाकण उघडून हुंगलं. मग नवं पाकीट हुंगलं. मग पुन्हा डबा. पुन्हा पाकीट. मी खाली बघत होतो, कपांच्या ओळीकडं.

"दोन्ही सारखेच आहेत की हो," ती म्हणाली.

मी एक कप उचलून फडक्यानं पुसायला लागलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. डब्याचं झाकण घट्ट लावून तो तिनं जागेवर ठेवला. मग शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, उकळी आल्यावर उतरवलं, पत्ती टाकून झाकलं. मी तिला ती रीत कधी शिकवली नव्हती, जावयाला विचारून घेतली असणार. एकच कप केला. माझ्या स्टुलावर बसून, दूध-साखर काही न घालता, तिनं तो सावकाश प्यायला सुरुवात केली. मला तो वास हवा होता. नाकानं नाही तर निदान कानानं.

"कसा लागतो?" मी विचारलं.

तिनं आणखी एक घोट घेतला. "आता तुम्हाला सांगून काय होणार?" म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.