डावीकडची पात

इनामगावला आमचं शेत घोडनदीच्या अंगाला आहे. कांदा खुरपताना बायका एका ओळीत बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जमिनीचा एक पट्टा येतो. त्याला पात म्हणायचं. जिची पात मागं राहते, तिच्याबद्दल दिवसभर कुजबुज चालते. माझ्या आईची पात कधी मागं राहिली नाही. त्या हिवाळ्यातही राहिली नाही आणि तिथंच आम्ही फसलो.

मी कारेगावात राहते. कंपनीत दिवसभर पार्टमधले दोष शोधते. केसाएवढा ओरखडा दिसला तरी माल परत पाठवते. पण आईकडं तसं बघायची सवय नव्हती. आई ती आई, तिच्यात काय बघायचं? संक्रांतीच्या आधी घरी गेले तेव्हा तिचे उजवीकडचे केस चापूनचोपून बसवलेले आणि डावीकडचे पिंजारलेले होते. जेवताना उजवीकडची भाजी साफ झाली. डावीकडची चटणी आणि लिंबू जसंच्या तसं.

"चटणी नको का?" मी विचारलं.

"वाढलीच कुठं?" ती फणकारली.

मी हसले. वय झालं, म्हटलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शेतात तिच्याशेजारी बसले. तिच्या उजवीकडं मी, डावीकडं काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ. आई मान न वळवता डावीकडं बोलत होती. मला वाटलं, काकूशीच. पण काकू गप्प खुरपत होती आणि आई म्हणत होती, "परकर भिजंल तुझा, पाण्यातनं येऊ नगंस."

काकू पन्नाशीची आहे. परकर सोडून तिला किती वर्षं झाली असतील!

"कोणाशी बोलतेस?"

"धाकटीशी."

आईची धाकटी बहीण परकर नेसायच्या वयातच तापानं गेली. माझ्या जन्माच्याही आधी. माहेरी दोघी खुरपायला बसायच्या तेव्हा ती कायम आईच्या डाव्या हाताला असायची. लख्ख दुपार होती, शेजारी पाण्याची मोटार चालू होती, तरी मी आईला चिकटून बसले.

आणि मग बांगड्या वाजल्या. आईचा डावा हात मांडीवर नुसता पडला होता आणि मनगट आपलं आपण हलत होतं, एका लयीत. आईनं खुरपं थांबवून कान दिला.

"ऐक," ती आनंदानं म्हणाली, "तिच्या बांगड्या."

मी तो हात धरला. तो माझ्या मुठीत उडत राहिला. "आई, हा तुझा हात आहे."

"न्हाई गं. तिचाय."

मग तिच्या तोंडाची डावी बाजू ओढली गेली आणि ती कांद्यातच आडवी झाली.

दौंडला डॉक्टरांनी फिटचा झटका थांबवला आणि सरळ पुण्याला पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. उजवा मेंदू डावी बाजू सांभाळतो. आईच्या डोळ्यांना डावीकडचं दिसत होतं, पण मेंदू त्याची दखल घेत नव्हता. ताट अर्धं, केस अर्धे, स्वतःचा हातसुद्धा परका.

"हे किती दिवस चाललंय?" त्यांनी विचारलं.

"आठवडा, दोन आठवडे," मी म्हणाले.

काकू भिंतीला टेकली होती. "दिवाळीपासनं," ती म्हणाली. "आक्कांच्या पातीचं डावं अंग तसंच राहायचं. बायका बोलल्या असत्या. म्हनून मी हात घालून काढीत गेले."

मी तिच्यावर ओरडले. दवाखान्यात, चार लोकांसमोर. दोन महिने तुम्ही झाकून ठेवलंत! काकू नुसती पदराचं टोक पिळत राहिली. तिनं केलं ते ओळीतली कुठलीही बाई करते. मीही केलं असतं, हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं.

गाठ हरळीसारखी होती. वरचं गवत निघतं, मुळ्या राहतात. जमेल तेवढी कापायची, मग शेक, म्हणजे किरणांचा उपचार, आणि गोळ्या. किंवा नुसता तुकडा तपासायचा आणि शेक द्यायचा. किंवा काहीच न करता सूज आणि झटके आवरणारी औषधं द्यायची; पण मग दिवस थोडे. पूर्ण बरं होईल, असं डॉक्टर कशालाच म्हणाले नाहीत. कापणं लवकर झालं तर बरं, एवढं मात्र म्हणाले.

आई कापायला तयार होईना.

"डोकं उघडलं की ती जाईल. एवढ्या वर्सांनी आलीय. माझं काम वढती."

वडील कधीच गेले. निर्णय तिचाच होता. मी रडले, भांडले. शेवटी काकू तिच्यासमोर बसली.

"आक्का, ती मी व्हते. तुमची पात मी काढली."

"तू?"

"मीच. रोज."

 आई हळूच म्हणाली, "मंग बोलत कोण व्हतं?"

  खोलीत इतर पेशंट होते, तरी आम्ही दोघींनी आईच्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडं एकदा बघितलंच. सकाळी "काम तर तुझंच व्हतं," असं काकूला म्हणून आईनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

डॉक्टरांनी बरीचशी गाठ काढली. हात हलवणाऱ्या भागाजवळची थोडी मुद्दाम ठेवली. शेक झाले, गोळ्या झाल्या. डावी बाजू हळूहळू परत आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, ताटाची डावी कड सापडेपर्यंत बघत राहायचं. आम्ही म्हणायचो, चटणी सापडेपर्यंत. दुसऱ्या दिवाळीला आई शेतात बसली आणि आपली पात दोन्ही अंगांनी साफ काढून उठली. वर म्हणाली, "लई मोकळं वाटतंय डावीकडं." ती खूश होती की उदास, मला कळलं नाही. मी मात्र खूश होते.

मागच्या रविवारी आम्ही तिघी जेवायला बसलो. आईची भाजी संपली, भाकरी संपली. चटणी तशीच.

माझा हात तिच्या ताटाकडं गेला. नुसतं ताट फिरवलं असतं, तर चटणी उजवीकडं आली असती आणि सगळं ठीक दिसलं असतं. काकू माझ्याकडं बघत होती. मी हात मागं घेतला.

"आई, चटणी दे बरं मला."

आईनं उजवीकडं शोधलं. पुन्हा शोधलं. मग ती थांबली आणि कानोसा घेतल्यासारखी बसली.

"आली का गं ती?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, आणि डॉक्टरांना फोन लावला.