दवंडी आत्या गप्प बसते

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्या इमारतीतल्या तान्ह्या पोरांनाही ठाऊक होतं. घरात तिला दवंडी म्हणत, आणि हे नाव तिच्या सख्ख्या भावानेच ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा ती बातमी भाडेकरूच्या आधी जिन्याला कळली. वहिनीने विश्वासाने कानात सांगितलेलं आपलं वजन दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याला तोंडपाठ होतं. वर आत्याचं म्हणणं, "मी कुठे कुणाला सांगते? ते विचारतात, मग खोटं कसं बोलू?"

अशा बाईला सरकारी दवाखान्याने नेमावं कुठे, तर तरुण मुलामुलींच्या सल्ला केंद्रात! प्रेम जमलं, प्रेम मोडलं, पाळी चुकली, निरोध कसा वापरायचा, नको असताना कुणी अंगाला हात लावतंय... जे घरी विचारता येत नाही आणि मित्राला विचारलं तर तो छातीठोकपणे चुकीचं सांगतो, ते सगळं तिथे येऊन विचारायचं. पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही.

"मांजराला दुधाची राखण दिलीय," भाऊ म्हणायचा.

आणि एक दिवस त्याच मांजरासमोर जायची पाळी तिच्या भाच्यावर आली. एकविशी पार केलेला, कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला हा गडी गेले कित्येक दिवस चारचौघांत खाजवता येत नाही अशा जागी खाज घेऊन हिंडत होता. फोनवर शोधलं, तर फोनने त्याला सहा आजार लावले आणि त्यातल्या दोनांत मारूनही टाकलं. त्यात वर्गातल्या मैत्रिणीबरोबरची गोष्ट आता हातात हात घेण्याच्या पुढे गेली होती, म्हणजे काळजी एकट्याची नव्हती. आपलं मरण त्याने एक वेळ सोसलं असतं, पण ते आत्यामार्फत बाबांना कळणं त्याला सोसणारं नव्हतं.

म्हणून त्याने आत्याच्या सुट्टीचा वार गाठला.

सल्ला केंद्राचं दार दातांच्या डॉक्टरांच्या दाराला लागून होतं. त्यामुळे दातांच्या रांगेत गाल धरून उभ्या असलेल्या सगळ्यांचेच दात दुखत असत असं नाही. भाच्यानेही गाल धरला, कण्हून दाखवलं. बाजूच्या खऱ्या रुग्णाने "दाढ का?" म्हणून कळवळून विचारलं, तेव्हा मान डोलावली, आणि बोळ रिकामा होताच शेजारच्या दारात घुसला.

टेबलामागे आत्या बसली होती. तिने सुट्टी बदलून घेतली होती.

"या, बसा," ती म्हणाली.

भाच्याने वळून मागे पाहिलं. जन्मापासून त्याला गाढवा, बैला, मेल्या अशा मानाच्या हाका मारणारी बाई 'बसा' म्हणतेय, म्हणजे मागे कुणी मोठं माणूस उभं असणार. मागे फक्त दार होतं.

"आत्या, मी चुकून..."

"इथे कुणी चुकून येत नाही. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. मी ओळखीची वाटत असेन, तर दुपारी दुसऱ्या ताई असतात, त्यांच्याकडे या. मला काही वाटणार नाही."

पळावं असं त्याला फार वाटलं, पण खाजेचंही काही म्हणणं होतं. तो बसला आणि सगळं समोरच्या कॅलेंडरला सांगितलं. आत्याने एकदाही "अगं बाई" म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर कपाळाला हात लावणारी आत्या शांतपणे प्रश्न विचारत राहिली. मग पडद्यामागे डॉक्टरांनी तपासलं. साधा नायटा निघाला! घट्ट जीन्स आणि घाम, दुसरं काही नाही. मलम दिलं, खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करायला सांगितलं आणि टॉवेल कुणाला देऊ नका म्हणून बजावलं.

"आता मैत्रिणीचं," आत्या म्हणाली. "दोघांच्या मनात आहे ना? कुणावर जबरदस्ती नको. एकाने नको म्हटलं की तिथेच थांबायचं." मग निरोधाचं, तपासण्यांचं, सगळं सरळ सांगितलं. "त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनाही घेऊन या."

भाचा पिसासारखा हलका होऊन बाहेर पडला तो जिन्यापर्यंतच. जिन्यावर त्याच्या लक्षात आलं, की आजार गेला, आता आत्या उरली.

रात्रीचं जेवण एकत्र असायचं. ताट पुढे ओढताच आत्या म्हणाली, "आज दवाखान्यात काय झालं माहितीये?"

भाच्याला ठसका लागला.

"डॉक्टर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले!"

तो पाणी पिऊन सावरतोय, तोच आई म्हणाली, "काय रे, शेजारच्या काकूंनी तुला दवाखान्यात पाहिलं. गाल धरून उभा होतास म्हणे. बोलला नाहीस ते?"

"आ कर," बाबा म्हणाले.

"बाबा, जेवताना..."

"आ कर म्हणतो ना!"

त्याने आ केला. बाबांनी फोनचा उजेड पाडून बारकाईने पाहिलं. दुर्दैवाने दात बत्तीसच्या बत्तीस ठणठणीत होते.

"एकही किडलेला नाही! मग तिथे काय करत होतास?" बाबांनी बहिणीकडे मोर्चा वळवला. "तू होतीस ना आज? पाहिलंस याला?"

आत्या भात कालवत राहिली.

"अगं, बोल की! एरवी न विचारता सांगतेस."

आत्या बोलेना. आता आईच घाबरली. दवंडी गप्प बसते म्हणजे प्रकरण जिवावरचं असणार! तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं. आत्याने एकदा त्याच्याकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी लग्न करतेय," ती म्हणाली.

बाबांचा फोन आमटीच्या वाटीत पडला.

"गाडी शिकवणारे मास्तर आहेत ना, त्यांच्याशी. त्यांची बायकोही जाऊन बरीच वर्षं झाली, माझ्या नवऱ्यासारखीच."

"अगं, पण तीन वर्षं तू त्यांच्याकडे गाडी शिकतेयस!" बाबा म्हणाले.

"गाडी मला दुसऱ्या महिन्यातच आली."

"आणि आम्ही इथे हळहळतोय," आई म्हणाली, "बिचारीला गिअर जमत नाहीत म्हणून!"

मग जो गदारोळ झाला त्यात दात, दाढा, दवाखाना सगळं वाहून गेलं. या वयात, लोक काय म्हणतील, तीन वर्षं सख्ख्या भावाला पत्ता नाही! आत्या मान खाली घालून ऐकत होती. भाच्याला कळत होतं, की हा सगळा मार खरं तर त्याच्या पाठीवरचा आहे. एक-दोन घास त्याने कसेबसे ढकलले.

"बाबा, पुरे," तो शेवटी म्हणाला. "दोघांच्या मनात आहे, कुणावर जबरदस्ती नाही. मग बिघडलं काय?"

"हे कुठे शिकलास?"

"आत्याच्या केंद्रात. आज तिथेच गेलो होतो. विचारायचं होतं, विचारून आलो."

बाबांनी आमटीतला फोन उचलून बाजूला ठेवला.

"अरे शहाण्या!" आत्या कळवळली. "तूच सांगणार होतास, तर माझं गुपित मला कशाला फोडायला लावलंस?"

"काय विचारायचं होतं?" बाबांचा आवाज खाली आला होता.

"ते नाही सांगणार."

बाबा बहिणीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याकडे काकुळतीने बातमी मागत होते. "तू सांग. काय म्हणत होता हा?"

"कोण?" आत्याने विचारलं.

"कोण म्हणजे? हा समोर बसलाय तो!"

आत्याने भाच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"रोज इतके येतात," ती म्हणाली, "चेहरे कुणी लक्षात ठेवायचे?"