घराचं तोंड फिरवलं तेव्हा

कासारवाडीत आमच्या आळीला एके काळी अक्कल होती. घरांची तोंडं आळीकडं, पाठी शेताकडं. मग पिंपरीला कारखाने आले आणि शेतातनं, म्हणजे आमच्या मोऱ्यांच्या मागून, डांबरी सडक गेली. झालं. सडकेवरून साहेबाची मोटार जाणार आणि तिला आपल्या घराची पाठ दिसणार, याची सगळ्या आळीला लाज वाटायला लागली. साहेबाला त्याचं काडीचं पडलं नव्हतं.

बघता बघता सगळ्यांनी घरं फिरवली. पुढची दारं विटांनी बुजवली, मागच्या भिंती फोडून सडकेकडं नवी दारं पाडली. आतल्या खोल्या मात्र होत्या तिथंच. त्यामुळं शेजाऱ्याचं झोकदार दार थेट मोरीत उघडायचं. एकदा कारखान्यातला कुणी साहेब पत्ता विचारायला आला, तर शेजारी समोर अंगाला साबण लावून बसलेला. तसाच म्हणाला, "या साहेब, बसा." कुठं बसणार?

मीही गवंडी बोलावला. आमचं लग्न नुकतंच झालेलं. गवंडी विटा घेऊन आला, तर बायको उंबऱ्यात सूप घेऊन बाजरी निवडत बसलेली. उठेना.

"वहिनी, सरका की जरा," गवंडी म्हणाला.

"माप ओलांडून मी या दारानं आत आले. जाताना बी यानंच जाईन. मोरीतनं न्हाई जायची."

"अगं, एवढ्यात कुठं निघालीस?" मी म्हटलं.

"दार बुजवा, मग सांगते."

बाजरी निवडून झाली, तीच तिनं परत निवडायला घेतली. शेवटी गवंडी विटा घेऊन शेजाऱ्याकडं गेला. शेजारी पुढं कितीतरी दिवस मला आवाज द्यायचा, "काय राव, बायकोनं घर फिरवू दिलं न्हाई व्हय?" मोरीतनं द्यायचा, ते वेगळं.

मग सडकेला दुकानं लागली, दुकानांवर मजले चढले. आमच्याही मोरीच्या जागी पोराच्या दुकानाचं शटर आलं. आळीत आता सगळ्यांच्या पाठी, सांडपाण्याचे पाइप आणि मोटारसायकली. उघडं दार तेवढं आमचं.

गेल्या साली बायको गेली. गाडी सडकेवर उभी. लोक म्हणाले, "शटरमधनं काढू, आळीत तिरडी वळायची न्हाई." मी म्हटलं, वळवा. मोटारसायकली उचलून बाजूला ठेवायला लागल्या. ज्यांच्या होत्या त्यांनी मयतातसुद्धा तोंडं वाकडी केली. पण ती तिच्या दारानंच गेली.

आता पोरगं म्हणतं, "दादा, ते दार बुजवून दुकान आत वाढवू. त्या दारानं जातंय कोण?"

"मी जायचोय अजून," म्हटलं.

तरी परवा त्यानं गवंडी आणलाच, टेप घेऊन. मी उंबऱ्यात जाऊन बसलो. बाजरी निवडायची तर डोळ्यांना दिसत नाही. नुसताच बसलो.