तड्यांचा कप

दोन हजार पाचच्या आसपास मी लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये सर्जन होतो. वॉर्डात खिडकीजवळच्या बेडवर एक म्हातारा चिनी पेशंट होता. त्याचं नाव आता आठवत नाही, कप आठवतो. फिकट हिरवा, आणि अंगभर बारीक तपकिरी रेषांचं जाळं. चहा पिऊन झाला की तो कप नुसत्या पाण्याने विसळायचा आणि उजेडात धरून बघत बसायचा.

तडा गेलेला कप आमच्याकडे कुणी घरात ठेवत नाही, म्हणून मी विचारलं.

"तडे कपाला नाहीत, वरच्या ग्लेझला, त्या काचेसारख्या थराला आहेत," तो म्हणाला. "कुंभार ते मुद्दाम पाडतो. रंग मात्र पिणाऱ्याने भरायचा, रोजच्या चहाने."

मी त्याचं ऑपरेशन करणार होतो, त्याच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सफाईवाल्या बाईने तो कप प्रेमाने ब्लीचमध्ये बुडवून आणला.

"बघ लव्ह, कसा नव्यासारखा झाला!" तिकडच्या पद्धतीने ती सगळ्यांनाच लव्ह म्हणायची.

जाळं जवळजवळ गेलंच होतं. त्याने कप सगळीकडून फिरवून पाहिला आणि तिला थँक यू म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, हे परत भरायला बरीच वर्षं लागतात. उद्या तेवढं लक्षात ठेवा."

आणि तिच्याकडे चहा मागितला, जरा कडक.