आईच्या डाव्या हाताची टाळी

आधीच सांगतो, मी भुताखेतं मानत नाही आणि चमत्कारही मानत नाही. देवळात बायको आत जाते तेव्हा बाहेर गाडीपाशी उभा राहणारा माणूस मी. सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातायचं काम करतो. जे मोजता येतं ते खरं, असं मानत आलो. तरीही हे लिहितोय, कारण मनातून जात नाही...

आम्ही इंदिरानगरात राहतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला, पण डावा हात गेला तो गेलाच. बोटं अर्धवट मिटलेली. सुई टोचली तरी कळायचं नाही.

आईला त्या हाताचं दुःख स्वयंपाकासाठी नव्हतं, भजनासाठी होतं. आमच्या मागच्या गल्लीत दत्ताचं छोटं देऊळ आहे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. आईचा आवाज म्हणाल तर बेताचाच, पण टाळ्या वाजवायला लागली की अख्खं मंडळ तिच्या ठेक्यावर यायचं. झटक्यानंतर तिने जाणंच सोडलं.

मंडळाच्या शिंदेकाकू एकदा घरी आल्या. म्हणाल्या, "वहिनी, नुसत्या येऊन बसा हो. ऐका तरी."

"ऐकायला मोबाईल आहे की," आई म्हणाली. "गळा काय देवाने मला दिला नाही. हातच दिले होते. देवाला माझं जे काही पोचायचं ते हातांनी पोचायचं. आता काय तोंड घेऊन जाऊ?"

काकू चहा पिऊन निघून गेल्या. पण पुढच्या गुरुवारी मी कामावरून घरी आलो तर आई नेसून तयार! डावा हात काचेच्या बांगड्यांसकट पदराखाली झाकलेला. म्हणाली, "चल, सोड मला देवळापर्यंत."

माझ्या कोपराला धरून ती चालत आली. पुढे बायकांच्या ओळीत तिला खुर्ची दिली. मी निघणार, तेवढ्यात काकूंनी दाराशी अडवलं. "बसा आता. आणि हात बांधून नाही हं बसायचं इथे!"

लाजेकाजेस्तव बसलो मागे, दाराजवळ. दोन-तीन अभंग झाले आणि मग नुसत्या नामाचा गजर सुरू झाला. लय वाढत गेली. सगळेच टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर मीही वाजवू लागलो. आधी अवघडल्यासारखं झालं, मग कधी डोळे मिटले कळलंच नाही.

आणि माझा उजवा हात दुसऱ्याच कुणाच्या तरी हातावर पडला.

कसं सांगू... माझे तळवे लेथवर काम करून निबर झालेत. हा तळवा मऊ होता, ऊबदार. पूर्ण उघडलेला. दर टाळीला काचेच्या बांगड्यांचा गार स्पर्श माझ्या मनगटाला होत होता. मी दचकून डोळे उघडले. समोर माझेच दोन हात! पुन्हा मिटले, तर पुन्हा तोच तळवा. भीती अजिबात वाटली नाही. उलट लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं ना, तसं हलकं वाटत होतं. आईकडे पाहिलं. ती पाठमोरी बसलेली. उजव्या हाताने मांडीवर ठेका धरलेला, डावा पदराखाली तसाच.

गजर थांबला. आरती, प्रसाद झाला. आम्ही निघालो. गल्लीच्या वळणापर्यंत आई माझ्या कोपराला धरून चालत आली. मग थांबली.

"तू टाळ्या वाजवत होतास ना रे?"

"हो. पण तुला कसं कळलं? तू तर पुढे बसली होतीस."

आई मूळची नामपूरची. मन भरून आलं की तिची अहिराणी बाहेर येते, मग मलाही ती भाऊ म्हणते. "तो तुना हात व्हता, भाऊ," ती म्हणाली. "माझ्या या डाव्या हातावर वाजत होता. मी वळखला." मग म्हणाली, "तळव्याला काय लागलंय तुझ्या? मधोमध. खरखर लागत होतं मला."

मी उजवी मूठ उघडली. दुपारी लेथवर लोखंडाचा कीस लागून तळव्याच्या मधोमध चिरलं होतं. फार काही नव्हतं, घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. आईने तर पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गेलेल्या हाताला कधीकधी भास होतात. बरं, आईचं मान्य. पण मग माझ्या चांगल्या हातांना काय झालं होतं? बायको म्हणते, तिथे पंधरा बायकांच्या बांगड्या वाजत होत्या, त्या ऐकून तुम्हाला वाटलं असेल. आवाजाचं पटतं. स्पर्शाचं नाही पटत.

हात काही बरा झाला नाही. तसं पुन्हा कधी घडलंही नाही. दर गुरुवारी आम्ही दोघं जातो, मी टाळ्या वाजवतो, आई डोलते. घरी येताना खुशीत असते, दोन घास जास्त जेवते.

एकदा तिला म्हटलं, "आई, कुणा जाणकाराला विचारू या का, हे नेमकं काय होतं?"

"काय विचारायचंय त्यात?" ती हसली. "टाळी वाजली. देवाला पोचली. झालं की!"

मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं काही जाणवलं असेल तर जरूर लिहा. कारण नाही दिलंत तरी चालेल... नुसतं, हो, आम्हालाही झालं होतं, एवढं कळलं तरी आईला वाचून दाखवीन.