मामा कोणत्या मशिदीत गेले

आमच्या बेने इस्रायली घरांत जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणतात. शाळेत असताना आई मैत्रिणींसमोर "शनिवारी मशिदीत जायचंय" म्हणाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती गेल्यावर तिच्या पहिल्या वर्षदिनालाच हा शब्द आम्हाला गोत्यात आणेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

अंबरनाथची आमची सिनेगॉग लहानशीच. तरी पूर्वी सणाला तिथे उभं राहायला जागा नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. उरलेल्यांच्या ग्रुपवर बातम्या त्याच त्या: कोणाचं ऑपरेशन, कोणाचा व्हिसा. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात नव्या टायल्स बसल्या आणि चार पंखे लागले, तेव्हा आम्ही महिनाभर त्याचेच फोटो एकमेकांना पाठवत होतो.

आईचं वर्ष त्यानंतर लगेच, एका रविवारी आलं. त्या दिवशी धाकट्या भावाने तिच्यासाठी कद्दिश म्हणायची होती. ही प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. बायकांना त्यात मोजत नाहीत. शेवटचं वर्षभर आईची उशापायथ्याची सगळी सेवा मी केली, आणि मोजणीत मी नाही! हा राग मी अजून गिळलेला नाही. पण तिला कद्दिश हवी होती, शेवटच्या आठवड्यात तिने दोनदा सांगितलं होतं. म्हणून मीच फोन करकरून दहा पुरुष गोळा केले. दहावे आमचे मामा, आईचे चुलत भाऊ. ते बदलापूरला, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये लेकीकडे राहतात. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत इकडे फिरकले नव्हते, आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

प्रार्थना पाचची. पाच वाजता नऊ जण आले होते. सव्वापाचला तेच नऊ. मामांचा फोन बंद. त्यांची लेक फोनवर म्हणाली, "मी स्वतः त्यांना चारला रिक्षात बसवून दिलं." आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो, त्यामुळे सहानंतर आईची तिथीच उरणार नव्हती. साडेपाचला प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. भाऊ सारखा दाराकडे बघत होता. मी मनातल्या मनात मामांना, रिक्षावाल्याला आणि हा नियम करणाऱ्याला यथेच्छ शिव्या देत होते. खरं म्हणजे मला रडू येत होतं.

पावणेसहाला दारात एक स्कूटर थांबली. चालवणारा दाढीवाला, डोक्यावर जाळीची टोपी. त्याच्या मागे मामा.

तो माणूस हसत हसत सांगू लागला. मामांनी रिक्षावाल्याला "अंबरनाथ, मशीद" एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने बिचाऱ्याने मशिदीतच सोडलं. मामा आत गेले, नियमाप्रमाणे फोन बंद केला, आणि गुडघ्यांमुळे कडेच्या खुर्चीवर बसले. शेजाऱ्याला विचारलं, "हजान आले का?" त्याने सांगितलं, "अजान तो हो गई, चाचा." मामांना ऐकू कमी येतं. त्यांनी समाधानाने मान डोलावली. नमाज झाली, माणसं पांगली, तरी चाचा उठेनात आणि कोणीतरी आपल्या हातात प्रार्थनेचं पुस्तक द्यावं म्हणून वाट बघत राहिले. तेव्हा कुठे उलगडा झाला.

"आपकी वाली ढूंढने में टाइम गया, बाजी," तो मला म्हणाला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. थांबा म्हटलं तर तो थांबलाही नाही.

भावाने कद्दिश म्हटली. दहा जणांचं "आमेन" आलं आणि माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. बाहेर अजून उजेड होता. मी बायकांच्या बाजूला बसून पोटभर रडून घेतलं.

नंतर मलिद्याचं ताट मामांच्या पुढे ठेवताना माझा राग परत आला. पोह्यात गूळ-खोबरं कालवलेला आमचा हा मलिदा आईने त्यांना कितीदा तरी वाढला असेल. मी म्हटलं, "मामा, डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना? तासभर बसलात, आणि आपली मशीद नाही एवढं कळलं नाही तुम्हाला?"

मामा खजील झाले. पोहे चिवडत राहिले.

"टायल्स नव्या दिसल्या, बाय. पंखे नवे. तुम्ही फोटो पाठवले होते ना," ते म्हणाले. "आणि माणसांनी हॉल भरलेला. मला वाटलं, आपली सगळी परत आली."