खोकल्याची रजा

लुओबाईंना शिकवता येत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती नाही. चीनच्या हुनान प्रांतातल्या त्या आडगावच्या शाळेत चोवीस वर्षं त्यांनी जीव तोडून इंग्रजी शिकवलं. पण एकदा बाई घसरल्या, आणि ते लपवून त्यांची गोष्ट सांगण्यात काय अर्थ आहे?

त्या वर्षी जिल्ह्याची माणसं नमुना पाठ बघायला येणार होती. बाईंनी विषय घेतला तोही अवघड, जोड क्रियापदांपासून विशेषणं करायचा. झिजून गेलेले बूट म्हणजे ‘वॉर्न-आउट शूज’, बंद पडलेली गाडी म्हणजे ‘ब्रोकन-डाउन कार’. आठवडाभर तालीम चालली. सगळ्यांना जमलं, एका श्याओयुनला सोडून. ती पोर उभी राहिली की पहिला शब्द म्हणायची, दुसरा गिळायची आणि घामाघूम व्हायची.

आदल्या दुपारी ती जराशी खोकली. बाईंनी संधी साधली.

“उद्या घरीच थांब, बाळा. आराम कर.”

“मला बरं वाटतंय, बाई.”

“सांगितलेलं ऐकायचं.”

पाठ झकास झाला. पाहुणे खूश, मुख्याध्यापक त्याहून खूश. श्याओयुनचा बाक बाईंनी सकाळीच हलवला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बाजारात चपला-बूट शिवणारी बाई, हातात खारवलेल्या अंड्यांची पिशवी.

“एवढ्याशा खोकल्याची कोण काळजी करतं हो? काल पोर तर घरी थांबायला ऐकतच नव्हती. दुरुस्तीला आलेला एकेक जोड उचलून ‘वॉर्न-आउट शूज’ की काय ते इंग्रजीत घडाघडा म्हणत होती. गिऱ्हाइकं हसून बेजार. म्हटलं, बाईंनी सांगितलंय ना, मग गप पड.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी घ्यायला हातच पुढे होईना. मान खाली घालून त्या कशाबशा बोलल्या, “खोकल्यासाठी नव्हतं ते. पाहुण्यांसमोर ती अडखळेल म्हणून मी तिला घरी ठेवलं. माझं चुकलं.”

आईनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी मुकाट्यानं ऐकून घेतल्या असत्या. पण तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

“तिला हे सांगू नका,” ती म्हणाली. “मोठी झाल्यावर लुओबाई व्हायचंय म्हणते ती.”